मांडावरची जागा

परवा शाळा सुटल्यावर बसची वाट पाहत उभी होते. पूर्वी माझ्या वर्गात असलेल्या एका मुलीची आई समोरून आली. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या. पाऊस, मुलीचं कॉलेज, नारळाचे भाव. मग ती जरा जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "टीचर, माझ्या धाकट्या जावेचं ऑपरेशन झालं. बांबोळीला. घरी आणून पंधरा दिवस झाले, पण खोलीतून बाहेरच येत नाही. तुम्ही एकदा येऊन जाल?" थोडं थांबून पुढे म्हणाली, "तुमचंही ते झालं होतं ना, म्हणून म्हटलं."

'ते'. आठ वर्षं झाली, तरी ते अजून 'ते'च आहे!

मी हो म्हटलं. बसमध्ये बसले आणि डिचोली येईपर्यंत एकच विचार, की जाऊन बोलायचं काय? जिनं हे सगळं स्वतः भोगलं तिला तरी शब्द सापडायला हवेत की नाही? नाही सापडत. त्यावेळी मला लोक काय काय बोलले आणि त्यातलं माझ्या कामी काय आलं, हे आठवू लागले, तर एक गंमत लक्षात आली. कामी आलेल्या गोष्टींत बोलणं फारच थोडं होतं.

आमच्याकडे गर्भाशय काढलं तर बायका अंगणात उभं राहून सांगतात, "पिशवी काढली." त्यात लपवण्यासारखं कुणालाच काही वाटत नाही. पण छातीचं ऑपरेशन म्हटलं की सगळ्यांचे आवाज खाली जातात. निम्म्या वाड्याला कितीतरी दिवस माझीही पिशवीच काढली असं वाटत होतं, आणि मी कुणालाही दुरुस्त केलं नाही. पंचवीस वर्षं मुलांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईनं दुरुस्त करणारी मी! 'स्तन' हा शब्द मला डॉक्टरांसमोरसुद्धा उच्चारता आला नव्हता. "इथे," असं म्हणून मी बोट दाखवलं होतं.

गाठ हाताला लागली ती 2017च्या शिगम्याच्या दिवसांत, आंघोळ करताना. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ही समजूत किती उलटी आहे ते नंतर कळलं. या आजाराच्या गाठी पुष्कळदा दुखतच नाहीत, म्हणून तर बायका घरी बसून राहतात. मीही बसले. आधी मुलांच्या परीक्षा, मग निकाल, मग पुतणीचं लग्न. मे महिन्याच्या अखेरीस डॉक्टरांकडे गेले आणि जूनच्या मध्यावर, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, ऑपरेशन झालं. हल्ली गाठ लहान असेल तर तेवढीच काढून पुढे शेक देतात, बाकीचा स्तन राखता येतो. तसं केलं म्हणून बाई कमी जगते असं नाही, हे दोन मोठ्या अभ्यासांच्या 20 वर्षांच्या निष्कर्षांवरून 2002 सालीच सिद्ध झालं आहे. पण माझ्या डाव्या बाजूला दोन निरनिराळ्या ठिकाणी गाठी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, सगळं काढावं लागेल. काखेतल्या ग्रंथी स्वच्छ होत्या एवढं माझं नशीब. तेव्हा मी 46 वर्षांची होते.

घरी आले ती डाव्या कुशीतून निघालेली नळी आणि तिच्या टोकाला बाटली घेऊनच. जखमेत साचणारं पाणी त्या बाटलीत उतरायचं. बाटली कुणाला दिसू नये म्हणून मी ती बाजाराच्या कापडी पिशवीत घालून खांद्याला अडकवायची. एक म्हातारी आते भेटायला आली, तिनं भाबडेपणानं विचारलं, "खंय वचूंक भायर सरल्या गो?" कुठं निघालीस म्हणून! तिला काय सांगणार!

भेटायला येणाऱ्यांचा तर एक स्वतंत्र लेख होईल. मारी बिस्किटं आणि शहाळी यांचा ढीग पडला. कुणी लक्ष्मणफळाची पानं उकळून प्यायला सांगितली, कुणी गोमूत्र, कुणी हळद. एकीनं आपल्या मावशीची हकीकत सांगितली. मावशी तीन वर्षांत गेली, हे सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती घाईघाईनं म्हणाली, "पण तिचं वेगळं होतं हां." सासूबाईंनी देवाला कौल लावला. प्रसाद उजवा झाला. माझा त्यावर विश्वास किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. सासूबाईंना त्या रात्री शांत झोप लागली आणि घरातलं एक माणूस नीट झोपलं याचं मला बरंच वाटलं.

सगळ्यात जास्त जाच झाला तो 'पॉझिटिव्ह राहा' या उपदेशाचा. फोनवर, दारात, शाळेतून आलेल्या कार्डावर, सगळीकडे तेच. माझ्या गाठीच्या रिपोर्टमध्येही हार्मोनच्या तपासणीपुढे 'पॉझिटिव्ह' असंच लिहिलं होतं, तेव्हा मी मनात म्हणायची, आता आणखी किती पॉझिटिव्ह होऊ? रडायला आलं की भीती वाटायची, आपण रडलो म्हणून आजार उलटला तर? म्हणजे आजार तर माझा होताच, वर त्याचा दोषही माझाच! असं काही कुणाच्या मनात नसतं हे मला कळतं. पण आजारी माणसाला हसत राहण्याचं काम लावणं हे फार मोठं ओझं आहे, एवढं मात्र मी आज स्पष्ट सांगेन.

आणि एक मैत्रीण आलीच नाही. वीस वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. डबा एकत्र. ती एकदाही आली नाही, तिनं फोनही केला नाही. मी शाळेत परत रुजू झाल्यावर म्हणाली, "तुला तशा अवस्थेत मला बघवलं नसतं गं." मी हसून 'असू दे' म्हटलं. पण ते अजून पूर्णपणे 'असू दे' झालेलं नाही, हेही इथं लिहून टाकते.

घरात मी आंघोळीला दिवा न लावता जायची. कपाटाच्या आरशाकडे पाठ करून साडी नेसायची. नवरा सगळं करायचा. बाटलीतलं पाणी मोजून वहीत लिहायचा, गोळ्या काढून द्यायचा, मुलाचा डबा भरायचा. फक्त माझ्याकडे बघायचा नाही. म्हणजे तोंडाकडे बघायचा, पण नजर हनुवटीच्या खाली उतरू नये याची इतकी काळजी घ्यायचा, की मला वाटायचं एकदाचं बघून 'शी!' तरी म्हण. आम्ही दोघं एका खोलीत दोन पाहुण्यांसारखे वावरत होतो.

टाके बघायला बांबोळीला गेले होते तेव्हाची गोष्ट. लांबलचक रांग. नवरा केसपेपर घेऊन खिडकीपाशी उभा होता आणि मी बाकावर. डोळ्यांत पाणी येत होतं ते पदरानं पुसत होते. शेजारी फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली साष्टीकडची एक किरिस्तांव बाई बसली होती, साठीच्या पुढची. तिनं पर्समधून पेपरमिंट काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "रडटा कित्याक गो बाय? म्हजेंय ना. इकरा वर्सां जालीं. पळय, जिवी आसां." माझंही नाही, अकरा वर्षं झाली, बघ, जिवंत आहे!

मी तिच्याकडे बघतच राहिले. तर तिनं माझा उजवा हात धरला, सरळ आपल्या छातीवर आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला दाबून ठेवला, आणि विचारलं, "सांग, खंयचें खरें?"

त्या भर गर्दीत! मी इतकी दचकले की रडणं कुठल्या कुठे पळालं. आणि मला खरंच सांगता येईना. मग ती हसायला लागली आणि ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा मीही हसले. तिनं ते स्वतःच क्रोशाच्या सुईनं सुती दोऱ्यानं विणलं होतं. लहानपणी शाळेत सिस्टरनी क्रोशे शिकवलं ते असं कामाला आलं, म्हणाली. आत कापूस आणि वजनासाठी मूठभर नाचणे. वजन हवंच, नाहीतर एक खांदा वर उचलला जातो आणि पाठ दुखते. "पावसाळ्यात नाचण्यांना किडे होतात, तेव्हा मधून मधून बदलायचे. आणि धुताना आधी काढायचे बरं का, नाहीतर रोपं येतील!" हे सगळं ती ज्या आवाजात सांगत होती त्या आवाजात बाजारात बायका मासळीचा भाव विचारतात. आजूबाजूची माणसं ऐकत होती. तिला काहीच नव्हतं त्याचं.

जाताना तिनं विचारलं, हात कितपत वर जातो? काखेतल्या ग्रंथी काढल्या की खांदा आखडतो. त्यासाठी भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी चालवत हात वर न्यायचा व्यायाम असतो. तो मला शिकवला होता, पण मी करत नव्हते. दुखायचं. ती म्हणाली, "रोज कर. आणि पेन्सिलीनं भिंतीवर खूण कर. नाहीतर आपण पुढे जातोय हे आपल्याला कळतच नाही."

तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही. नंतरच्या प्रत्येक फेरीत त्या बाकाकडे बघायची. पुन्हा भेट झाली नाही.

पुढे वाचताना कळलं, की एका बाईनं दुसरीला असं भेटण्याची रीत कुणीतरी मुद्दाम घालून दिलेली आहे. न्यूयॉर्कच्या तेरेस लॅसर या बाईंचं 1952 साली असंच ऑपरेशन झालं. आता घालायचं काय, हात कसा हलवायचा, नवऱ्याशी बोलायचं कसं, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच हॉस्पिटलांतून अशा बायकांना भेटायला जाऊ लागल्या. बरोबर व्यायामासाठी दोरी आणि रबरी चेंडू, आणि चोळीत घालायचा तात्पुरता उभार. काही डॉक्टरांना त्यांचं असं वॉर्डात शिरणं मुळीच आवडलं नाही. पण काम वाढत गेलं आणि 1969मध्ये ते अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं आपल्याकडे घेतलं. माझ्या साष्टीच्या बाईनं हे नाव ऐकलं असण्याचा संभव नाही. तिच्याकडे चेंडूऐवजी पेपरमिंट होतं एवढाच फरक!

अशा सोबतीनं आयुष्य वाढतं का? 1989मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं, की आजार शरीरभर पसरलेल्या ज्या बायका दर आठवड्याला एकत्र बसून बोलत होत्या, त्या इतरांपेक्षा जास्त जगल्या. त्याचा फार गाजावाजा झाला. पुढे 2001मध्ये कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात तसं काही दिसलं नाही. आयुष्य तेवढंच राहिलं. मात्र मनाचा त्रास कमी झाला, दुखणंही कमी जाणवू लागलं, आणि ज्या आधी जास्त खचल्या होत्या त्यांना फायदा जास्त झाला. मला हा दुसरा निष्कर्ष वाचून बरं वाटलं. सोबत ही औषधाची गोळी नव्हे. तिनं आयुष्य वाढवून दाखवावं अशी अट कशाला?

घरी आल्यावर मी नवऱ्याकडे पेन्सिल मागितली. त्यानं विचारलं कशाला, मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तो खोलीच्या खिडकीशेजारी पेन्सिल घेऊन उभा राहू लागला. मी दात आवळून बोटं वर चालवायची, हात थांबला की तो तिथं रेघ ओढून तारीख घालायचा. पूर्वी मुलाची उंची याच भिंतीवर अशीच मोजली होती. पहिली रेघ माझ्या खांद्याच्याही खाली होती. हे करताना त्याला माझ्या अगदी जवळ उभं राहावं लागे, आणि रेघ नीट यायची तर माझ्या हाताकडे, काखेकडे बघावंच लागे. साधारण दहाव्या-अकराव्या दिवशी मी ब्लाऊजचं वरचं बटण लावलेलं नव्हतं. त्यानं बघितलं. मग पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाला, "मला वाटलं होतं त्यापेक्षा जखम चांगली भरलीय." बस, एवढंच. त्या संध्याकाळी मी न्हाणीघरातला दिवा लावून आंघोळ केली. आरशात बघायला मात्र अजून बरेच दिवस गेले. एकदम काही होत नाही. त्या रेघांसारखंच, कधी बोटभर वर, तर कधी दोन दिवस तिथल्या तिथंच.

आता वयनीबद्दल. थोरल्या जावेला आम्ही वयनी म्हणतो. मधल्या बांधावरचे दोन माड कुणाचे, यावरून आमच्या घरांत 2014पासून बोलणं बंद होतं. चवथीला मूळ घरी एकाच गणपतीसमोर आरतीला उभ्या राहायचो, पण एकमेकींकडे बघायचो नाही. हॉस्पिटलमधून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी कुणीतरी आलं. बघते तर वयनी, हातात पेजेचं पातेलं, वर वाटीत खारातली तोरां. म्हणाली, "पाणी हांव काडटलें. तूं बांयर येवं नाका." पाणी मी काढीन, तू विहिरीवर येऊ नकोस. आणि ती रहाटाकडे चालू लागली. कशी आहेस नाही, काय झालं नाही. तीन वर्षांच्या अबोल्याबद्दलही अवाक्षर नाही.

डाव्या हातानं ओझं उचलायचं नाही, त्या हाताला कापू-भाजू द्यायचं नाही, त्यात सुई टोचून घ्यायची नाही, असं मला बजावलं होतं, नाहीतर हात सुजून राहतो. आमच्या बाईच्या कामांतून एक हात वजा करून बघा, काय उरतं! विहिरीचं पाणी, आदोळीवर बसून नारळ खवणं, वाटण, धुणं. हे सगळं वाड्यावरच्या बायकांनी आपापसांत कसं वाटून घेतलं मला कधी कळलं नाही. कुणी यादी केली नाही, कुणी मला विचारलं नाही. "काही लागलं तर सांग," असं म्हणणाऱ्या पुष्कळ होत्या, त्यांना मी कधीच काही सांगितलं नाही. ज्या न विचारता खवलेल्या नारळाची वाटी ओट्यावर ठेवून गेल्या त्यांच्यावर माझं घर चाललं.

जुलैमध्ये केमो सुरू झाली. 21 दिवसांच्या अंतरानं चार. पहिल्या केमोनंतर श्रावण लागला आणि केस जायला लागले. उशीवर, ताटात, सगळीकडे केस. एका रविवारी, घरोघरी आयताराची पूजा चालली होती तेव्हा, वयनी आपल्या मुलाचं केस कापायचं मशीन घेऊन आली. न्हाणीघरात मला पाटावर बसवून तिनं सगळं डोकं साफ केलं. मी रडले नाही. तीच रडली. रडता रडता म्हणते, "कान किती मोठे गं तुझे, कधी दिसलेच नव्हते." त्या वर्षी चवथ 25 ऑगस्टला होती आणि तिसरी केमो तिच्या तीनच दिवस आधी. गर्दीत मिसळायची मला मनाई होती, उकळत्या तेलाचा वास सोसवत नव्हता. तेव्हा बायकांनी नेवऱ्या लाटायला मूळ घराच्या स्वयंपाकघराऐवजी आमच्या पडवीत पाट मांडले, आणि मी आत उंबऱ्याच्या पलीकडे बसून कडा मुरडल्या. तळायचं काम मूळ घरी. पातोळ्यांसाठी हळदीची पानं मला पुसायला दिली. माटोळीला काय काय बांधलंय ते पोरं धावत येऊन सांगत होती. त्या एका दिवसात मला आपण आजारी आहोत हे दोन-तीन तासांचं विसरायला झालं, तेवढ्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

पण पौषात धालो आले तेव्हा मी गेले नाही.

गोव्याच्या वाचकांना धालो सांगायला नकोत. तरी एक गोष्ट आठवून बघा. समोरासमोर दोन रांगा, आणि रांगेतल्या बायकांचे हात एकमेकींच्या कमरेभोवती गुंफलेले. सगळ्या एकत्र वाकतात, एकत्र पुढे येतात, एकत्र मागे जातात. अंगाला अंग लागून. लग्न होऊन आल्यापासून त्या रांगेत माझी जागा ठरलेली, आणि माझ्या डाव्या हाताला वयनी. आमचं बोलणं बंद होतं त्या वर्षांतही मांडावर तिचा हात माझ्या कमरेला असायचाच. मांडावर भांडण नेत नाहीत. म्हणजे ज्या बाजूला आता काहीच नव्हतं, ती बाजू नेमकी तिच्या अंगाला लागणार. कुणाला ते जाणवेल, कुणी अंग चोरेल, वाकताना मी आत घातलेलं सरकेल... शाळेत खुर्चीवर बसून शिकवणं सोपं होतं. ज्या शिंपिणीकडे मी वर्षानुवर्षं जायची तिनं काही न विचारता ब्लाऊजला आतून खिसा लावून दिला होता. टेबलापलीकडून कुणाला काही कळत नव्हतं. मांडावर टेबल नसतं. त्या रात्री अंथरुणात पडून मी लांबून येणारी गाणी ऐकत राहिले. कुठल्या गाण्यानंतर कुठलं येणार तेही पाठ.

वर्षभरानं, जानेवारी 2019मध्ये, गेले. कुणी आग्रह केला नाही, माझंच मन राहिलं नाही. मांडावरच्या थोरल्या काकीनं मला बघितलं आणि हलकेच म्हणाली, "कडेक राव." कडेला उभी राहा. डाव्या टोकाला, म्हणजे डावी बाजू मोकळी. तिनं विचार करून, मायेनं सांगितलं होतं, हे मला तेव्हाही कळलं. तरी घशात काहीतरी अडकलं. पहिली रात्र मी टोकाला उभी राहून खेळले. एका बाजूनं गुंफलेली आणि दुसऱ्या बाजूनं सुटलेली.

दुसऱ्या रात्री वयनी उशिरा आली. मधे शिरायला जागा होती. ती सरळ चालत टोकाला आली, माझ्या डावीकडे उभी राहिली, तिचा हात नेहमीच्या जागी आला. मी ताठ झाले. गाणं सुरू झालं. दोन-तीनदा वाकून वर आलो असू, आणि ज्याची भीती होती तेच झालं. नाचण्यांचा गोळा खिशातून निसटून थेट गळ्यापाशी आला! मला दरदरून घाम फुटला. वयनीनं गाणं न थांबवता, माझ्याकडे न बघता, मोकळ्या हातानं माझा पदर सारखा केल्यासारखं करून तो गोळा खाली ओढला आणि जागेवर बसवला. चुलीवरचं झाकण सारखं करावं तसं. मग गाण्यातली पुढची ओळ उचलली. मला हसू आवरेना. दोन कडवी मी नुसतीच हलत होते.

ते दोन माड कुणाचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. गेल्या वर्षीसुद्धा त्यावरून आमची वाजली होती. भिंतीवरच्या रेघा मात्र गेल्या. एका चवथीला रंगाऱ्यानं सरसकट चुना मारला आणि आम्हा दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. तपासणीचे दिवस जवळ आले की पोटात अजून गोळा येतो, रिपोर्ट हातात पडेपर्यंत जेवण जात नाही. ते काही चुन्यानं झाकलं जात नाही.

असो. तर काल मी त्या मुलीच्या काकीकडे जाऊन आले. चाळिशीही न गाठलेली. खोली अंधारी केलेली, खिडकीची झडप ओढलेली. चादर गळ्यापर्यंत. सासू बिचारी दारात उभी. मी खुर्ची ओढून बसले. पाच-एक मिनिटं कुणीच बोललं नाही. मग मी विचारलं, "हात कितपत वर जातो?"

तिनं चादरीतून हात काढून दाखवला. खांद्याच्या जेमतेम खाली. मी उठून झडप उघडली, तिला भिंतीपाशी उभं केलं, आणि पर्समधली शाळेची पेन्सिल काढून तिच्या बोटांशी रेघ ओढली. तारीख घातली. तिनं रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमचा किती जातो?"

मी दोन्ही हात वर केले. डावा अजून उजव्यापेक्षा चार बोटं खालीच थांबतो, ते तिनं बघितलं. मग तिची नजर खाली आली आणि माझ्या छातीवर थांबली. मी थांबू दिली. बऱ्याच वेळानं तिनं हळूच विचारलं, "खंयचें?"

"तूच सांग," मी म्हटलं आणि तिचा हात धरला.

तिनं चुकीचं सांगितलं.

गुरुवारी तिला बांबोळीला दाखवायला न्यायचंय. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. नाचणे घरात आहेत. क्रोशे मला येत नाही, ते आता शिकावं लागेल.